गयाच्या रक्तासाठी धुतलेली बाटली

संपादकांचा निरोप आला, "मामा, प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहून द्या, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." गमती आहेत, नाहीत असं नाही. एकतीस वर्षं मी कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात काचेची भांडी धुतली. एवढ्या वर्षांत माणूस काय काय बघतो. पण ज्याची बायको त्यानं स्वतःच्या हातानं धुतलेल्या एका बाटलीपायी गेली, त्यानं नुसत्या गमती लिहिल्या तर ते खोटं होईल. डॉक्टर म्हणतात, असं म्हणू नका. मी म्हणतो. छापायचं तर हेच छापा, नाहीतर कागद परत पाठवा, असं मी संपादकांना कळवलं आहे.

माझं नाव सांडू. आमच्या कन्नड तालुक्याकडं हे पोराचं नाव असतं, हसायचं काम नाही. शिक्षण चौथी. कॉलेजात सगळे मला मामा म्हणायचे. शिपायाला मामा म्हणायची रीतच आहे. प्राध्यापक रिटायर झाले, पोरं शिकून परदेशात गेली, प्राचार्य सहा बदलले, मामा तोच राहिला.

लोकांना वाटतं भांडी धुणं म्हणजे काय, बायका घरी धुतात तेच. तसं नाही. घरी पातेल्याला थोडी भाजी चिकटून राहिली तर फार तर वास येईल. इथं बाटलीत मागच्या प्रयोगाचा एक कण राहिला, तर पुढच्या प्रयोगात तो आपलं तोंड उघडतो आणि पोरगं सहा महिने खोट्याच्या मागं धावतं. त्यामुळं आधी नळाचं पाणी, मग प्रयोगशाळेचा साबण, मग आम्ल, मग परत पाणी, आणि शेवटी तीन वेळा वाफेचं गाळलेलं पाणी. पालथं घालायचं, भट्टीत सुकवायचं. आतून पुसायचं नाही. काच खरंच साफ असली की पाणी तिच्यावरून सरळ पडद्यासारखं उतरतं, थेंब धरत नाही. थेंब धरला की समजायचं, चोर आत आहे. हे मला कुणी शिकवलं नाही. मी बघून बघून शिकलो.

एकदा बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी फळीवरचा एक बीकर उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "नवीन आणलेत वाटतं?"

मी म्हणालो, "साहेब, तुमच्या नोकरीपेक्षा जुना आहे तो."

आमचे विभागप्रमुख सर मागं उभे राहून मला डोळ्यांनी गप्प करत होते. पण परीक्षक हसले. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. आम्लानं सोलपटलेला हात होता, त्यांनी सोडला नाही. ते मी कितीतरी दिवस सांगत फिरलो. गया म्हणायची, "आता बास करा, शेजारणीला बी पाठ झालंय."

गया माझी बायको. हर्सूलला आमचं घर, तिथल्याच एका शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. चार माणसं उचलायला लागावीत असं पातेलं ती एकटी चुलीवरून सरकवायची. बोलायची कमी. मी बोलायचो जास्त.

आता फरहीनचं सांगतो. छावणीतली पोरगी. बाप फौजी लोकांचे कपडे शिवतो. आमच्याकडं पीएचडीला आली तेव्हा वाटलं, ही वाऱ्यानं उडेल. पण जिद्दीची निघाली. मराठी चांगलं बोलायची, पण रागावली की दखनीवर यायची.

तिचं काम असं होतं. मोसंबीचा रस घ्यायचा, पोलादी डबीत घट्ट बंद करायचा आणि भट्टीत काही तास तापवायचा. डबी थंड झाल्यावर उघडली की आत कोऱ्या चहासारखं पाणी. ते पाणी नुसतं बघितलं तर काहीच नाही, फेकून द्याल. पण आमच्याकडं एक काळी पेटी आहे, तिच्यात डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांचा दिवा आहे. त्या दिव्याखाली ते चहाचं पाणी धरलं की निळंभोर पेटतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो. फरहीन म्हणाली, "मामा, घाबरू नका. यात काजळीचे कण आहेत, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. तेवढं बारीक झालं की काजळी पण चमकते."

एका पोरानं तिच्याआधी ती डबी काठोकाठ भरून भट्टीत ठेवली होती. व्हायचं तेच झालं. सगळ्या मजल्यावर तीन दिवस जळक्या मोसंबीचा वास. प्राचार्य वर आले आणि विचारलं, "इथं जॅम कोण बनवतंय?" भट्टी मीच खरवडली. ही एक गंमत झाली, संपादकांसाठी.

तर हे चमकणारं पाणी कशासाठी? आपल्या अंगात क्रिएटिनिन नावाचा एक कचरा तयार होतो. मूत्रपिंड तो रोज बाहेर टाकतं. मूत्रपिंड थकलं की तो रक्तात साचतो. फरहीन रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी काढायची, त्यात एक औषध टाकायची, मग मोसंबीचं पाणी. क्रिएटिनिन जास्त असेल तर निळा उजेड मंद होतो. लई जास्त असेल तर विझतोच. उजेड राहिला तर माणूस बरा, उजेड गेला तर माणूस आजारी. एवढं सोपं. ती म्हणायची, "मामा, खेड्यात मोठं मशीन कुठून आणणार? एक छोटा दिवा आणि एक बाटली, बस. गावातली आरोग्याची आशाताई पण बघू शकेल."

मला ते फार आवडलं. कारण त्यात बाटली होती. मशीनमध्ये माझं काय काम? बाटलीत माझं काम होतं.

तिचं माझं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, साबण. विभागात तिनं एक पातळ साबण आणला. त्याला फेस येत नाही. मी म्हणालो, "फेस नाही तो साबण कसला? हे तर नुसतं चिकट पाणी."

"मामा, हेच वापरायचं. घरची कपड्यांची पावडर इथं आणायची नाही हं."

"माझ्या घरच्या पावडरीनं धुतलेला शर्ट बघ. बगळ्यासारखा पांढरा."

"शर्ट आहे तो, बाटली नाही."

तिनं भिंतीवर कागद चिकटवला, त्यावर धुण्याचे नियम. मला. एवढी वर्षं काच धुतलेल्या माणसाला. का आणायची नाही ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिला वाटलं असेल, मामाला काय कळणार. मला वाटलं, काल आलेल्या पोरीला काय विचारायचं. मी तिच्या नियमानंच धुवायचो, पण मनातून माझा त्या साबणावर कधी विश्वास बसला नाही. हे आधी सांगून ठेवतो.

त्याच सुमाराला गयाचं दुखणं सुरू झालं. सकाळी उठली की डोळे सुजलेले. पाय दाबले की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. खिचडी शिजवताना वासानं मळमळायचं, ती म्हणायची, "तोंडात लोखंड चघळल्यावानी लागतंय." गुडघ्यांसाठी ती वर्षानुवर्षं मेडिकलवरून गोळ्या आणून खायची, तेही होतं. हर्सूलच्या डॉक्टरांनी बघितलं, चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं, "मूत्रपिंडाच्या तपासण्या आजच करून घ्या." त्यांच्या कंपाउंडरनं रक्त काढलं. ते कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत द्यायचं होतं.

मी ते तिथं दिलं नाही. इथं माझी अक्कल सुरू झाली. म्हटलं, रोज दुसऱ्यांचं रक्त आपल्या विभागात तपासलं जातं, आणि माझ्या बायकोचं रक्त कोपऱ्यावरच्या पोरानं का तपासायचं? आपलं शास्त्र घरचं आहे. थर्मासमध्ये बर्फ टाकून मी ते रक्त कॉलेजात नेलं.

फरहीननं थर्मास बघितला आणि हात मागं घेतले. "मामा, नक्को. हे पेशंटसाठी नाहीये. अजून सिद्ध नाही झालं. माझ्याकडं येतं ते रक्त दवाखान्यातून परवानगीनं येतं, नाव नसतं त्याच्यावर."

"मग समज याच्यावर पण नाव नाही."

"मामा, असं नसतं होत."

"तुझ्या किती बाटल्या धुतल्या मी?"

तिनं फळीवरच्या बाटल्यांकडं बघितलं.

"एक माझ्यासाठी नाही करणार?"

हे मी बोललो. या वाक्यानं ती पोरगी अडकली, हे मला बोलतानाच कळत होतं. ती म्हणाली, "ठीक है. उद्या करते. पण मामा, पॅथॉलॉजीत पण द्यायचं. कसम."

मी मान हलवली.

आता बाटलीचं. तिच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्यांत कधी ना कधी परक्याचं रक्त पडलेलं. धुतलेल्याच होत्या, मीच धुतलेल्या. तरी मन होईना. गयाचं रक्त त्यात कशाला? मी एक बाटली खिशात घालून घरी आणली. आमच्याकडं आठवड्यात एकदा नळाला पाणी येतं, त्यामुळं बोअरचं जड पाणी. ते उकळलं. घरची पावडर घातली. चांगला फेस केला. बाटली आतून कापडाच्या बोळ्यानं घासली, विसळली, परत पावडर घातली, परत घासली. उन्हात सुकवली आणि धुतलेल्या रुमालात गुंडाळली. नियमात नव्हतं ते सगळं मी प्रेमानं केलं. एकतीस वर्षांत एवढ्या निगुतीनं मी दुसरी बाटली धुतली नव्हती.

गया उंबऱ्यात बसून बघत होती. "एवढ्याश्या बाटलीला एवढं काय?"

"तुझं रक्त जायचंय त्यात."

"मंग तर लोटा घ्या एखादा," ती म्हणाली. तिची चेष्टा अशीच असायची, तोंड न हलवता.

दुसऱ्या दिवशी फरहीननं रक्ताचं काम सुरू केलं तेव्हा मीच तिच्या हातात ती बाटली दिली. तिला वाटलं फळीवरचीच आहे. पेटीत चार बाटल्या ओळीनं ठेवल्या. एक नुसत्या मोसंबीच्या पाण्याची, दोन आजारी माणसांच्या, आणि चौथी गयाची. दिवा लावला. आजाऱ्यांच्या दोन बाटल्या विझल्यासारख्या. गयाची निळी. नुसत्या पाण्याच्या बाटलीपेक्षाही जरा चढ.

फरहीन वाकून बघत राहिली. "मामा, हे जरा जास्तच चमकतंय."

"चांगलंच ना मग?"

"हौ, चांगलं... पण रक्तानं थोडं तरी कमी व्हायला पाहिजे. मी परत करते एकदा."

"रक्त संपलं," मी म्हणालो. खरंच थोडंच उरलं होतं. पण होतं. तेही सांगून टाकतो.

"मग पॅथॉलॉजीत नक्की द्या."

मी सायकल हाणत घरी आलो. हर्सूलच्या तुरुंगाच्या भिंतीजवळून जाताना कुणी तरी हाक मारली, थांबलो नाही. सायकल टाकून पळत आत शिरलो, गया अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "गया, तुला काही झालेलं नाही. तुझं रक्त निळं पेटलं!"

"आता मी फटाका हाय का काय?"

"अगं, पेटलं म्हणजे चांगलं. विझलं असतं तर वाईट. दोघं जण विझले माझ्यासमोर. तू पेटलीस. नुसता थकवा आहे. खात जा नीट."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं."

डॉक्टरची चिठ्ठी मी खुंटीला अडकवली आणि तिथंच राहू दिली. गया चार महिने शाळेत जात राहिली. सूज चढायची, उतरायची. मी म्हणायचो, थकवा. कुणी विचारलं तर म्हणायचो, आमच्या विभागात तपासलंय.

चार महिन्यांनी ती शाळेत चुलीजवळच कोसळली. बायकांनी रिक्षात घातली. मोठ्या सरकारी दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तिला दम लागला होता, बोलता येत नव्हतं. तरुण डॉक्टरीण होती. रिपोर्ट बघून तिनं मला बाजूला घेतलं.

"बाबा, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलीत. आधी कधी तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं."

"रिपोर्ट कुठं आहे?"

"रिपोर्ट नाही. आमच्या कॉलेजात तपासलं होतं. बाटलीत. उजेड चांगला होता."

तिनं हातातला रिपोर्ट मिटला. तिला वाटलं असेल, म्हातारा धक्क्यानं बरळतोय. मग म्हणाली, "आता डायलिसिस लावावं लागेल. म्हणजे काय, सांगते..."

मी म्हणालो, "मला माहीत आहे."

मला खरंच माहीत होतं. फरहीन मोसंबीचं पाणी शुद्ध करायला एका पातळ पिशवीत भरून मोठ्या बीकरात लटकवून ठेवायची. घाण पिशवीतून बाहेर पाण्यात जायची, चांगलं आत राहायचं. त्याला ती डायलिसिसच म्हणायची. बीकरातलं पाणी दर काही तासांनी मीच बदलायचो. आता तेच गयाला लावणार होते.

मी डॉक्टरणीला विचारलं, "चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

ती म्हणाली, "बाबा, तसं सांगता येत नाही."

"अंदाज?"

"दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या असत्या. पथ्य, औषधं. वेळ मिळाला असता. किती, ते मी नाही सांगू शकत." मग तिनंच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका." पण वेळ मिळाला असता, हे ती बोलून गेली होती.

फरहीन दवाखान्यात आली. पलंगाच्या पायथ्याशी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिली. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाली, "मामा, माझे डॉट्स, ते चमकणारे कण, फेल आहेत. मामींचं रक्त विझायला पाहिजे होतं. माझ्यामुळं झालं."

मी तिला म्हणालो, "तुझं काही नाही चुकलं." पण का चुकलं नाही, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मलाही वाटत होतं की मोसंबीनंच दगा दिला.

तिचा प्रबंध लिहून होत आला होता. तिनं तो बाजूला ठेवला. सर म्हणाले, "एका नमुन्यावरून काही ठरत नाही, आणि तो नमुना तू घ्यायलाच नको होता." तिनं ऐकलं नाही. पाणी नव्यानं बनवलं. आंबट मोसंबी, गोड मोसंबी, या बागेची, त्या बागेची. प्रत्येक वेळी आजाऱ्याचं रक्त विझायचं, बऱ्याचं पेटायचं, सगळं बरोबर यायचं. मग गयाचंच का चुकलं, हे तिला कळेना. पोरगी सुकून गेली.

गयाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मधल्या दिवसांत मी कामावर. एका दुपारी त्या काळ्या पेटीची काच धुळीनं भरली होती. फरहीन जेवायला गेली होती, दिवा चालू राहिला होता. मी खिशातला रुमाल काढला आणि पेटीत हात घातला.

रुमाल पेटला. निळा. मोसंबीसारखाच निळा.

मी हात बाहेर काढला. रुमाल साधा पांढरा. परत आत घातला. निळा. शर्टाची बाही आत घातली. तीही निळी. मी स्टुलावर बसलो. दोन्ही घरच्या पावडरीनं धुतलेले. दुसऱ्या दिवशी घरून कागदाच्या पुडीत चिमूटभर पावडर आणली, पाण्यात टाकली आणि पेटीत ठेवली. कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीत एक रंग घालतात, तो असल्याच दिव्यात निळा चमकतो. हे नाव-गाव मला पुढं कळलं. पण त्या दिवशी मला जे कळायचं ते कळलं. गयाचा उजेड विझला होता. जड पाण्यानं काचेला चिकटून राहिलेली माझी पावडर पेटली होती.

आणि मी गप्प बसलो. अठरा दिवस.

समोर पोरगी मोसंब्या सोलत होती, पिळत होती, रडत होती, आणि मी तिच्या बाटल्या धुऊन फळीवर लावत होतो. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. नारळ आणि शाल द्यायच्या गोष्टी चालल्या होत्या. लोक म्हणायचे, मामासारखी काच कुणी धुतली नाही. ते ऐकायची मला सवय होती. सांगितलं तर काय राहणार माझं? मी मनाला म्हणायचो, पोरीचं काय, तिचं परत सगळं बरोबर येतंय, आज ना उद्या प्रबंध देईल. एवढा हलकटपणा माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

अठराव्या दिवशी फरहीन सरांच्या खोलीतून बाहेर आली आणि मला म्हणाली, "मामा, मी विषय सोडते. जे कधी फसेल ते कळत नाही, ते खेड्यात कसं द्यायचं? कुणाची तरी आई असेल."

मी म्हणालो, "थांब." खिशातून पुडी काढली. तिच्यासमोर पाण्यात टाकली, पेटीत ठेवली, दिवा लावला. मग सगळं सांगितलं. बाटली घरी नेली ते, बोळ्यानं घासली ते, उरलेलं रक्त लपवलं तेही.

ती कितीतरी वेळ पेटीच्या फटीला डोळे लावून होती. मला वाटलं ओरडेल. तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मी सांगितलं.

"अठरा दिन, मामा." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "अठरा दिन से मैं मोसंबी को गाली दे रही हूँ."

मी पेटीचा दिवा बंद केला.

ती उठली, भिंतीवरच्या तिच्या कागदासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मी पण नुसतं 'आणायची नाही' लिहिलं. का, ते लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं." मग तिनं त्या कागदावर पेनानं खाली कारण लिहिलं, मोठ्या अक्षरात, मराठीत. तिथल्या तिथं मला वाचून दाखवलं. नंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते बरोबरच होतं. प्रबंधात तिनं एक परिच्छेद घातला, कपड्यांच्या पावडरीनं धुतलेल्या बाटलीत आजारी रक्तही बरं दिसू शकतं म्हणून. मी म्हणालो, माझं नाव घाल. ती म्हणाली, प्रबंधात असं नाव नसतं घालत. माझ्या आयुष्यातलं शास्त्राचं काम तेवढंच, आणि ते बिननावाचं.

तिला पदवी मिळाली. मी निवृत्त झालो. शाल दिली तेव्हा भाषणात सरांनी काचेचं कौतुक केलं, मी मान खाली घालून ऐकलं. त्या समारंभाला गया नव्हती. ती त्याच्या आधीच गेली. एका सकाळी डायलिसिस चालू असतानाच तिचा दाब उतरला तो परत चढला नाही. त्याचं वर्णन मी करणार नाही. पण त्याआधी तिला सांगायचं राहिलं होतं, ते मी सांगितलं होतं. तेवढं लिहून थांबतो.

फरहीनला सांगितल्यावर दोन दिवसांनी गयाच्या डायलिसिसची पाळी होती. यंत्र सुरू झालं, सिस्टर पुढच्या पलंगाकडं गेली. गयाच्या हातातून नळ्या निघाल्या होत्या, रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. मी स्टूल जवळ ओढलं.

"गया, ती बाटली मी चुकीची धुतली होती."

"कंची?"

"तुझ्या रक्ताची. त्यात पावडर राहिली. ती चमकली. तुझं रक्त चांगलं नव्हतंच."

ती छताकडं बघत होती. म्हणाली, "व्हय. मला ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"मी बरी नाय ते. अंग माझं हाय ना? त्या दिवशी तांदूळ निवडताना मला दाणे बी दिसत नव्हते धड. अन तुम्ही सायकल टाकून आलात पळत, पेटली पेटली करत. लगीन झाल्यापासून माझ्यापायी असं पळत आलेलं पहिल्यांदा बघितलं तुम्हाला."

मी म्हणालो, "मग बोलली काहून नाहीस? मला बरं वाटत नाय, म्हणायचं. चिठ्ठी खुंटीलाच होती."

गयानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"आवं, तुमच्या कालेजातल्या दिव्यानं सांगितलेलं. मी खिचडीवाली. मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

शेजारच्या पलंगावरचा माणूस आमच्याकडं बघत होता. यंत्र चालू होतं. मी तिच्याशी खोटं बोललो नाही.

"नसतं ऐकलं," मी म्हणालो.

"मंग," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.